सातवा रकाना

अर्जात सातवा रकाना : संस्थेचे उद्देश.
जागा चार ओळींची.

सात सह्या लागतात, म्हणून सात माणसं
हर्णैच्या बर्फ फॅक्टरीमागच्या माडीवर.
त्यातले दोन अंगठे.
मी चिटणीस, कारण अक्षर बरं.

रेगे सर म्हणाले, लिहा : वंचितांचं सक्षमीकरण.
"म्हंजे?" हलिमाबी होडेकर.
"म्हणजे ताकद देणं."
तिनं दाराशी टेकवलेल्या पाटीकडे पाहिलं,
पंचवीस किलो बांगडा, वर बर्फ,
लिलावातून डोक्यावर आणलेला, जिना चढून.
"ती हाय. तुमी संडासाचं लिवा.
पाटं पाचपासनं आमी पानी पीत नाय."

सर चहा ढवळत राहिले.
साखर केव्हाच विरघळली होती.

मी लिहिलं : बंदरावरील महिलांसाठी स्वच्छतागृह,
आणि इतर तत्सम कार्य.

त्या 'इतर तत्सम'मध्ये
एकोणीस वर्षं मावली.

मावली सोमी हिलम,
नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसिलात आलेली.
कातकरी असल्याचा पुरावा आणा,
पन्नास सालाच्या आधीचा.
सोमीनं आणला होता एक डोंगर,
म्हणजे खिडकीतून बोटानं दाखवला :
"तितं माझा आजा खैर उकळायचा.
चुलीचं दगड हायत अजून."
साहेबांचं तोंड भरलेलं.
मान वर करून, ओठ सांभाळत
त्यांनी विचारलं, "कागद आहे का?"
विडा छान रंगला होता.

कात कुठून येतो, साहेब,
हे मी तेव्हा बोलले नाही.
दापोलीहून परतताना, एस्टीत,
अजून दर खेपेला बोलते.

मावला तुलबहादूर, आंब्याच्या बागेचा राखणदार,
डिसेंबर ते मे, माकडांच्या मागे, रात्रंदिवस.
कॅनिंगचा भाव पडला म्हणून
मजुरी अर्ध्यावर आणली मालकानं.
आम्ही तक्रारीचा मसुदा पक्का करेपर्यंत
तो रेल्वेत बसून गेलाही होता.
फाइल आहे. तो नाही.
दर पावसात तिला बुरशी धरते,
दर दिवाळीला मी तिला उन्हात घालते,
हे कार्य कुठल्या उद्देशात बसतं
मला सांगता येणार नाही.

एकदा पुण्याहून पाहुणे आले, देणगीवाले.
सोलकढी आवडली त्यांना.
विचारलं, "तुमचं मिशन काय?"
"मिशीन? तीन हायत शिवणाची," हलिमा म्हणाली,
"दोन बंद,"
आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक केले.
त्या वर्षी देणगी आली नाही.
हसू पुरलं बरेच दिवस.

संडास झाला सोळाव्या वर्षी. चार खोल्या, निळं दार.
पाटीवर आमदारांचं नाव, आमचं नाही, ते एक असो.
कुलूप ग्रामपंचायतीचं.
चावी ग्रामसेवकाकडे.
ग्रामसेवक बदलीवर.
नव्यानं जुन्याला विचारायचं, जुन्यानं फोन उचलायचा नाही,
अशी तीन वर्षं.
ठराव, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र.
आवक-जावक वहीत माझं बरं अक्षर
बिघडत गेलेलं दिसतं.

आज वार्षिक अहवालाची शेवटची तारीख.
उजाडायच्या आधीपासून बसले आहे.
रकाना पुन्हा सातवा :
उद्देश किती टक्के साध्य झाले.
मतलईनं कागद उडतो, त्यावर शिंपला ठेवलाय.
टक्के सुचत नाहीत.
रेगे सर असते तर सुचवले असते,
ते गेले, त्यांच्या जागी सातवी सही
सोमीच्या नातवाची आहे, सही, अंगठा नव्हे,
दाखला अजून नाही.

खालून हाक आली,
"बाई, चावी गावली!"

पेन तसंच उघडं टाकून उतरले.
निळ्या दाराशी आठ-दहा जणी, पाट्या उतरवून.
कुलूप गंजलेलं, खोबरेल घालून फिरवलं.

हलिमाचे गुडघे गेलेत आता.
तिला सगळ्यांनी वाट दिली, पण ती आत गेली नाही.
नळाशी वाकली,
ओंजळ भरली,
आणि पाणी प्यायली. परत भरली. परत प्यायली.
सहाही वाजले नव्हते.
होड्या अजून यायच्या होत्या.